बुरशीला नाव विचारणारे भालेकर साहेब

भालेकर साहेब माती हुंगून गाव ओळखतात, अशी आमच्या कंपनीत दंतकथा होती. ती साफ खोटी होती. माती आणणाऱ्याने पुडीवर पेन्सिलीने गावाचं नाव लिहिलेलं असायचं आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने साहेब ते आधी वाचून घ्यायचे. मग डोळे मिटून पुडी नाकाशी धरायची, लांब श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "हं, ही कऱ्हाडाकडची दिसती." नवा माणूस चाट पडायचा. मी ही लबाडी दुसऱ्याच आठवड्यात पकडली आणि तोंडावर सांगितली. साहेब मनापासून हसले. म्हणाले, "तळेगावकर, पकडलंत ते ब्येस झालं, पण बाहेर बोलू नका. गाव ओळखलं म्हटलं की माणूस पुढच्या येळंला हौसेनं माती आणतो."

मी रोज तळेगावहून लोकलने यायची, म्हणून मी तळेगावकर. माझं खरं आडनाव त्यांनी कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही. ते स्वतः तळवड्याचे, चार पिढ्यांच्या शेतकरी घरातले. गावातून पुण्याला जाऊन एम.एस्सी. झालेला पहिला माणूस. चिंचवडची औद्योगिक वसाहत तेव्हा नुकती बाळसं धरत होती. ज्या रानात कालपर्यंत ज्वारी होती तिथे पत्र्याच्या शेड उठत होत्या, आणि अशाच एका शेडमध्ये आमची औषधांची कंपनी सुरू झाली होती. साहेब तळवड्याहून सायकल मारत यायचे. गेटवर टोपी काढून पिशवीत ठेवायचे, पांढरा कोट चढवायचे आणि मग त्यांची भाषाही कोट चढवल्यासारखी शुद्ध व्हायची. ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत कशीबशी टिके. राग आला किंवा आनंद झाला की मात्र तळवडं बाहेर पडायचं.

आमचं काम ऐकून माझ्या आईने कपाळाला हात लावला होता. मुलगी शिकून सवरून बुरशी वाढवायला जाते, हे नातेवाइकांना सांगायचं कसं! पण औषध करायचं तर बुरशी हवीच. मातीत नाना तऱ्हेचे जीव असतात. त्यातले काही असे, की आपल्या आसपास दुसऱ्या कुणाला उगवू देत नाहीत. चिमूटभर माती पाण्यात कालवायची, ते पाणी काचेच्या झाकणाच्या बशीत पसरायचं आणि काय काय उगवतं ते बघत बसायचं. त्या बशीला आम्ही प्लेट म्हणायचो. एखाद्या ठिपक्याभोवती कोरं कडं दिसलं, म्हणजे शेजारी कुणी उगवलंच नाही असं दिसलं, की साहेब खुर्चीवरून उठायचे. "हा तिरसट हाय," असं कौतुकाने म्हणायचे. "आपल्याला तिरसटच पायजेत. मनमिळाऊ घेऊन काय करायचंय?"

त्यामुळे कंपनीत एक रीतच पडून गेली होती. रजेवरून परत येणाऱ्याने खात्यात पेढे वाटायचे आणि साहेबांना मातीची पुडी द्यायची. लग्नाहून आला तरी माती, मयताहून आला तरी माती. पॅकिंगमधला सावंत कोकणातून जांभ्याची लाल माती आणायचा. बॉयलरवरचे लोक मराठवाड्यातली काळी आणायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "सासर कुठलं?" वाई म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला, की नवऱ्या मुलाची चौकशी करायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

कामावरचा माझा पहिला दिवस. साहेबांनी एक प्लेट माझ्या हातात दिली. तिच्यात मधोमध धुरकट हिरवी बुरशी आली होती. "ही कोण?" त्यांनी विचारलं. कॉलेजात शिकवलं होतं तसं मी उत्तर दिलं, "बाहेरून पडलेली आहे सर. प्लेट फुकट गेली. फेकून द्यायची." साहेब माझ्याकडे बघत राहिले. "ती पाहुणी हाय," ते म्हणाले. "न बोलावता आली. तिला घरात ठिवायची न्हाई हे खरं. पण दारात आलेल्या माणसाला नाव न विचारता हाकलता का तुमी तळेगावात?" मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली ती बुरशी दाखवली, तिचा दांडा, त्यावरचा गोंडा, गोंड्यावरच्या बीजांच्या माळा. नाव मला वहीत न लिहिता पाठ करायला लावलं. ॲस्परजिलस. त्यानंतरच प्लेट फेकायची परवानगी मिळाली.

पाहुण्यांबद्दल त्यांचा आणखी एक नियम होता. "एकदा आली तर पाहुणी. पुन्ना पुन्ना आली तर ती घरचीच, तिचं काय ते बघायला लागतं." असं ते इतक्यांदा म्हणायचे, की आम्ही मुली त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच आवाजात ते म्हणून दाखवायचो. एकदा त्यांनी ऐकलं. रागावले नाहीत. "पाठ झालं का? मग झालं तर," म्हणाले आणि पुढे गेले.

कल्चर रूमच्या बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकत नसत. आमचे निवडलेले जीव त्या खोलीत वाढत. आत जाताना हात घासून धुवायचे, टोपी घालायची, तोंडाला फडकं बांधायचं. आत बोलायचं नाही, शिंक आली तर गिळायची. एकदा मालक पाहुण्यांना घेऊन तसेच आत शिरायला निघाले. साहेब दारात आडवे उभे राहिले. "माफ करा, आत बाळंतीण आहे. बाहेरच्यानं असं येऊ नये." पाहुण्यांना हसू आवरेना. मालक मुकाट्याने फडकं बांधून आत गेले. इतकी काळजी कशासाठी, तर माणसाच्या श्वासाने, केसांनी, बोटांनी ती कल्चर बिघडू नयेत म्हणून. ते फडकं बुरशीला जपण्यासाठी होतं. त्याची दुसरी बाजू कुणाच्या मनातही आली नाही. आमच्या नाही, साहेबांच्याही नाही.

त्यांच्या पत्नी हिरावहिनी तळवड्याची शेती बघायच्या. कांदे, बाजरी, दोन म्हशी. त्यांना नवऱ्याच्या नोकरीचं कौतुक होतं, पण तोंडावर कबूल करायची सोय नव्हती. साहेबांच्या डब्यातल्या भाकरीवर कधी बुरशी आलीच, तर साहेब ती फडक्यात बांधून कंपनीत आणायचे. वहिनी मला म्हणायच्या, "लोकं शिळी भाकर म्हशीला घालत्यात. आमचे हे कंपनीत नेत्यात. लोकांनी काय म्हणायचं?" साहेब काही म्हणाले की वहिनींचं उत्तर ठरलेलं, "तुमचं काय बी असतंय." इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याचं एखादं म्हणणं सरळ मान्य केलेलं मी ऐकलं नाही. साहेबांची त्याबद्दल तक्रारही नव्हती.

साहेबांना सगळ्यांत जास्त हवं होतं ते बुरशी मारणारं औषध. जंतू मारणारी औषधं तेव्हा सगळीकडे निघाली होती, आम्हीही करत होतो. पण ती फार दिवस घेतली, की माणसाच्या तोंडात, घशात पांढरी बुरशी धरायची. लहान मुलांना तर फार त्रास व्हायचा. साहेब म्हणायचे, "आपण रान साफ केलं आणि राखायला कुणी ठिवलं न्हाई. मग गवत माजणारच." वर्षानुवर्षं पुड्या तपासून शेवटी एका मातीतून एक तिरसट जीव सापडला. त्याच्यापासून आम्ही तोंडात लावायचं औषध केलं. मोठं नाव झालं नाही, पण ते विकलं जायचं आणि पोरांची तोंडं बरी व्हायची. ते रक्तात नीट उतरत नसे. त्यामुळे वरवरच्या बुरशीला ते चाले, आतल्या बुरशीपुढे त्याचा इलाज नव्हता. "अर्धंच काम झालंय," साहेब म्हणायचे. उरलेल्या अर्ध्यासाठी पुड्या येतच राहिल्या.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. सायकल जाऊन स्कूटर आली होती, तरी साहेब जिना चढताना धापा टाकायला लागले. हिरड्यांतून रक्त यायचं, हातापायांवर काळेनिळे डाग पडायचे. कंपनीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. मग पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात दोन दिवस गेले. परत आल्यावर साहेबांनी आम्हा सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं आणि दर महिन्याचं काम वाटून द्यायचे त्याच आवाजात सांगितलं, "मला रक्ताचा कॅन्सर झालाय. उपचार आहेत, ते घेणार आहे. मी नसताना कल्चर रूमचं दार कुणी उघडं टाकायचं नाही." एवढं बोलून ते हात धुवायला गेले.

रुग्णालयात डॉक्टर जोगळेकर त्यांच्यावर उपचार करत होते. मध्यमवयीन, शांत माणूस. पेशंटला सगळं समजावून सांगणारा. त्यांनी सांगितलं, की रक्तातल्या बिघडलेल्या पेशी मारायला जी औषधं देणार त्यांनी चांगल्या पांढऱ्या पेशीही मरतील, आणि काही आठवडे शरीराला रोगाशी लढता येणार नाही. मी भेटायला गेले तेव्हा साहेबांनी ते मला त्यांच्या पद्धतीने सांगितलं. "ज्वारी हुरड्यात आलीय आन् माळ्यावर राखणीला कुणी न्हाई, असं समजा. आता पाखरं उतरली न्हाईत म्हंजे मिळवली." स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तोंड सुजलं होतं, केस गेले होते. स्वतःच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवून ते म्हणाले, "प्लेट कशी स्वच्छ निघाली बघा."

पहिलं पाखरू उतरलं ते तोंडात. जीभ, टाळू सगळं पांढऱ्या बुरशीने भरलं, पाणी गिळवेना. डॉक्टरांनी लावायला औषध दिलं आणि ते नेमकं आमचंच निघालं. आठवड्यात तोंड साफ झालं. साहेबांनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आ करून जीभ दाखवली. त्या रुग्णालयात इतका खूश पेशंट दुसरा नसेल. मला तर वाटलं, की आता सगळं सुरळीत होणार.

भेटायला कंपनीतली माणसं रोज जात. रिकाम्या हाताने जायचं कसं? केळी, मोसंबी साहेबांना खाववत नव्हती. सावंत गावाहून आला तो सरळ रुग्णालयात गेला आणि त्याने नेहमीसारखी लाल मातीची पुडी साहेबांच्या हातावर ठेवली. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी पुडी सोडली, डोळे मिटून हुंगली आणि म्हणाले, "कोकण!" ही बातमी कंपनीत पसरली. मग काय, जो तो पुडी घेऊन जायला लागला. कुणी आळंदीची माती नेली, कुणी चाकणच्या शेतातली, कुणी आपल्या परसातली. कॉटशेजारच्या कपाटावर पुड्यांची चळत लागली. साहेब एकेक सोडून वास घ्यायचे, चादरीवर माती सांडायची, सिस्टर चिडायच्या. वहिनी म्हणायच्या, "इथं तरी माती नगा करू." साहेब म्हणायचे, "अगं, ह्याच्यानं मला बरं वाटतंय." आणि बरं वाटत होतं हे खरंच होतं. आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं.

मग ताप आला. साधा नाही, चढायचा तो उतरायचं नावच घेत नव्हता. एकामागून एक जंतूंची औषधं झाली, काही फरक पडेना. कोरडा खोकला सुरू झाला, छातीत दुखायला लागलं. एक्सरेमध्ये फुप्फुसात डाग दिसला. डॉक्टर जोगळेकरांनी क्षयाचं औषध सुरू केलं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे फुप्फुसात डाग म्हटला की पहिला क्षयच, आणि शंभरातल्या बहुतेकांच्या बाबतीत तो असतोही. पण साहेबांना ते पटलं नाही. त्यांनी मला जवळ बोलावलं. "तळेगावकर, माझी थुंकी घेऊन जा आन् प्लेटवर घाला. जंतूंच्या न्हाई, बुरशीच्या."

मी ती बरणी पिशवीत घालून लोकलने चिंचवडला नेली. काही दिवसांत प्लेटवर धुरकट हिरवी बुरशी आली. पहिल्या दिवशी साहेबांनी माझ्या हातात दिली होती तीच, ॲस्परजिलस. प्लेट कडेने चिकटपट्टी लावून बंद केली आणि रुग्णालयात नेली. साहेबांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली. मग त्यांची नजर कपाटावरच्या पुड्यांकडे गेली. हळू आवाजात ते वहिनींना म्हणाले, "त्या समद्या पुड्या बाहीर टाक." आणि मला म्हणाले, "आपण जन्मभर प्लेटला माणसापासून जपलं. माणसाला प्लेटपासून जपायचं आपल्या डोक्यातच आलं न्हाई. दुसऱ्या कुणाचं सोडा, मला कळाया नको?"

हे ऐकून सावंत दुसऱ्या दिवशी कॉटच्या पायाशी उभा राहून लहान पोरासारखा रडला. साहेबांनी त्याला जवळ बसवलं. धाप लागत होती तरी बोलले. "रडू नकोस. ही हवेत असती, भिंतीवर असती, गव्हाच्या कोंड्यात असती. तुझ्याच पुडीतनं आली हे कशावरनं? पुरावा न्हाई तवर कुणावर आळ घ्यायचा न्हाई, स्वतःवर बी न्हाई." सावंत डोळे पुसून गेला. तो गेल्यावर साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "त्याला काय सांगणार? त्याची मया व्हती ती."

आता खरी अडचण पुढेच होती. डॉक्टर जोगळेकरांनी प्लेट बघून मान हलवली. "साहेब, तुमच्या प्रयोगशाळेच्या हवेत बुरशीच बुरशी. तिथे प्लेट उघडली की हे येणारच. बाहेरून पडलेली आहे ही." माझ्या पहिल्या दिवसाचं उत्तर मला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळालं. बुरशीवर विषारी औषध द्यायचं तर खात्री हवी, आणि खात्री देणारी प्लेट बुरशीच्या कारखान्यातून आलेली! साहेबांना मी प्रथमच हतबल झालेलं पाहिलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. "पुन्ना घाला," ते म्हणाले. "कॉलेजच्या लॅबमध्ये घाला, आपल्याकडं नको. आन् दर प्लेटीसंगं एक रिकामी प्लेट उघडा. थुंकीच्या प्लेटीवर आली आन् रिकामीवर आली न्हाई, तर हवेचा दोष कसा?"

माझ्या कॉलेजच्या बाईंच्या हातापाया पडून मी तिथे जागा मिळवली. पुन्हा तीच बुरशी आली. पुन्हा घातली, पुन्हा आली. रिकाम्या प्लेटा स्वच्छ राहिल्या. हे होईपर्यंत आठवडे गेले आणि साहेब खंगत गेले. एका दुपारी वहिनी त्यांना पाणी पाजत होत्या. साहेब मला म्हणाले, "ह्यातनं वाचलो तर ठीकच. न्हाई वाचलो तर मला उघडून बघा म्हणावं डॉक्टरांना. मला काय झालं हे कळलं पायजे. मेल्यावर कळलं तरी चालंल, पण कळलं पायजे." वहिनींनी पेला कपाटावर ठेवला. "काय बी अभद्र बोलताय," असं म्हणून त्या बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि खूप वेळ आत आल्याच नाहीत.

सगळ्या प्लेटा बघून डॉक्टर जोगळेकर शेवटी बुरशीचं औषध द्यायला तयार झाले. ते औषध परदेशातून यायचं, पुण्यात मिळत नव्हतं. आमच्या मालकांनी स्वतः मुंबईला माणूस पाठवून ते बर्फात घालून आणवलं. सलाइनमधून ते अंगात गेलं, की साहेबांना अशी हुडहुडी भरायची की लोखंडी कॉट वाजायची. दोन-तीन गोधड्या घालून वहिनी त्यांना वरून धरून बसायच्या. दात वाजत असतानाही साहेब बोलत, "तिरसट हाय... औषध चांगलं हाय." ताप थोडा उतरला. एके दिवशी त्यांनी दुधात कुस्करलेली भाकरी मागितली आणि चार घास खाल्लेही. मी आनंदाने घरी गेले. चार दिवसांनी सकाळी त्यांना खोकल्याची उबळ आली, तोंडातून भळाभळा रक्त आलं आणि सिस्टर धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तळवड्याहून त्यांचे थोरले भाऊ अण्णा आणि भावकीतली माणसं ट्रक घेऊन आली. डॉक्टर जोगळेकर व्हरांड्यात आले. त्यांचाही चेहरा उतरला होता. हात जोडून ते म्हणाले, "हे रक्त कशाने आलं मला सांगता येत नाही. क्षय होता, बुरशी होती, की कॅन्सरच. मेल्यावर उघडून बघा, असा साहेबांचाच मला निरोप होता. तुमची परवानगी असेल तर..." अण्णांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "फाडाफाडी न्हाई करायची. माझा भाऊ मी हितं धडधाकट आणला व्हता. आता निदान अख्खा तरी घिऊन जाऊ द्या." त्यांचं चुकीचं होतं असं मला आजही म्हणवत नाही. मी कोण बोलणारी?

हिरावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या. पदर सावरून अण्णांच्या समोर उभ्या राहिल्या. दिरासमोर त्या कधी मान वर करून बोलल्या नव्हत्या, तेव्हाही खालीच बघत होत्या. "भावजी, त्यांनी माझ्या देखत सांगितलंय. पाणी पीत व्हते तवा. मी त्यांना गप केलं." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "बघा तुमी. पर नीट बघा." अण्णा पाठ फिरवून जिन्यात जाऊन बसले. त्या दिवशी ट्रक संध्याकाळपर्यंत थांबला.

महिन्याभराने डॉक्टर जोगळेकरांचा निरोप आला, की निकाल हाती आलाय आणि तो सांगायला त्यांना स्वतः तळवड्याला जायचंय. मी त्यांना बसने घेऊन गेले. वाटेत ते म्हणाले, की यापुढे असा पेशंट आला, की क्षयाबरोबर पहिल्याच आठवड्यात बुरशीचीही तपासणी करणार. पुढे त्यांनी तसं केलंही. चाकणची एक मुलगी, मूत्रपिंडाच्या आजारावर स्टिरॉइड घेणारी, तिची बुरशी वेळेत सापडली आणि ती बरी होऊन घरी गेली. पण ते नंतरचं.

तळवड्याला अंगणात कांदे वाळत पडले होते. अण्णा ओट्यावर होते. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं, पण स्वतः दुसरीकडे बघत राहिले. वहिनी दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितलं. फुप्फुसात क्षयाचं नावही नव्हतं. बुरशीच होती. तिच्या फांद्या रक्ताच्या नळीत शिरल्या होत्या आणि नळी फुटली.

"म्हंजी त्यांचं बरूबर व्हतं?" वहिनींनी विचारलं.

"होय वहिनी. पहिल्यापासून त्यांचंच बरोबर होतं. मी उशीर केला."

"लवकर दिलं असतं औषीद तर?"

डॉक्टर खाली बघून म्हणाले, "कदाचित. खात्रीने नाही सांगता येणार."

वहिनींनी मान हलवली. डॉक्टरांना त्यांनी बोल लावला नाही. अण्णांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. तेवढ्यात वहिनी आत गेल्या. आतल्या भिंतीवर साहेबांचा कोटातला फोटो लावलेला ओट्यावरूनही दिसत होता. वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात बोलल्या.

"अवो, डॉक्टर आल्यात. बुरशीच व्हती. तुमचंच बरूबर निघालं." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मग काढला. "कळलं न्हवं? झालं समाधान? आता निवांत पडा."